सरखेल, चाचे आणि अ‍ॅडमिरल : कान्होजी आंग्रे यांच्या तीन ओळखी

मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या चढून ग्रंथालयात जाणाऱ्या साहित्याच्या अभ्यासकाचे इमारतीच्या मागच्या बाजूस सहसा लक्ष जात नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा 'बॉम्बे कॅसल' तेथे होता. आज त्याच आवारात 'आय. एन. एस. आंग्रे' हे भारतीय नौदलाचे किनाऱ्यावरील ठाणे आहे. १९५१ साली हे नाव दिले गेले; त्याआधी ते ठाणे लॉर्ड डलहौसीच्या नावाने ओळखले जाई. ज्या किल्ल्यात बसून कंपनीच्या गव्हर्नरांनी कान्होजी आंग्रे यांच्या पारिपत्याचे बेत आखले, त्या किल्ल्याला आज त्याच कान्होजींचे नाव आहे. इतिहासाने उगवलेला हा सूड म्हणून आपल्याला त्याचे समाधान वाटते, आणि ते स्वाभाविकही आहे. पण समाधान झाले की प्रश्न विचारणे थांबते. प्रस्तुत लेख त्या थांबलेल्या प्रश्नांविषयी आहे.

इंग्रजी कागदपत्रांत कान्होजी 'पायरेट' आहेत. जॉन बिडल्फ याने १९०७ साली लिहिलेल्या पुस्तकाच्या शीर्षकातच 'मलबारचे चाचे' अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि त्या पुस्तकात कान्होजींना मोठी जागा आहे. याला उत्तर म्हणून विसाव्या शतकातल्या आपल्या लेखकांनी त्यांना 'अ‍ॅडमिरल' केले. मनोहर माळगांवकरांच्या १९५९ सालच्या इंग्रजी चरित्राचे उपशीर्षक 'मराठा अ‍ॅडमिरल' असेच आहे. कान्होजींच्या स्वतःच्या कागदांत या दोन्हींपैकी एकही शब्द नाही. तेथे एकच शब्द आहे : सरखेल. दामोदर गोपाळ ढबू यांनी १९३९ साली या घराण्याचा इतिहास लिहिताना 'कुलाबकर आंग्रे सरखेल' हे नाव योजले, ते मला अधिक प्रामाणिक वाटते. 'चाचे' हा शब्द शत्रूने दिला आणि 'अ‍ॅडमिरल' हा आपण शत्रूच्या शब्दकोशातून उसना घेतला. हुद्दा होता तो तिसराच.

१

या शब्दांचीच थोडी चौकशी करू. 'सरखेल' हा फारसीतून आलेला शब्द. 'सर' म्हणजे प्रमुख. 'खैल' हा मूळ अरबी शब्द घोडे, घोडेस्वारांची तुकडी या अर्थाचा. म्हणजे मराठी राज्याच्या दर्यावरील सर्वोच्च अधिकाऱ्याचा हुद्दा मुळात घोडदळाच्या पथकप्रमुखाचा होता! 'आरमार' पोर्तुगीज 'आर्मादा'वरून आले. 'गुराब' हे लढाऊ जहाजाचे नाव अरबीत कावळ्याचे नाव आहे. 'सारंग' फारसी, 'कप्तान' पोर्तुगीज. गंमत अशी, की ज्या 'अ‍ॅडमिरल' शब्दाने आपण कान्होजींचा गौरव करतो तोही युरोपात अरबी 'अमीर'वरूनच पोहोचला. पश्चिम किनाऱ्यावरच्या समुद्राची भाषा अशी अनेक बंदरांत भरलेली आहे. त्यामुळे या समुद्रावर कोण 'आपला' आणि कोण 'परका', कायदा कोणाचा आणि गुन्हा कोणाचा, हे एका भाषेच्या एका शब्दाने ठरवणे धोक्याचे असते.

या पार्श्वभूमीवर शाहू छत्रपतींच्या काळातील कान्होजींची मुद्रा पाहण्याजोगी आहे. शिवकालीन मुद्रांच्या वळणाची ती संस्कृत मुद्रा आहे. तीत प्रथम शाहू राजाचा उल्लेख, मग तुकोजीचा पुत्र ही ओळख, मग सरखेल हे पद. राजा, बाप आणि हुद्दा या तीन गोष्टींत एक मनुष्य स्वतःला बसवतो. स्वतंत्र राजा म्हणवून घेणारा अशी मुद्रा करणार नाही आणि समुद्रावरचा लुटारूही करणार नाही. ही नोकरी करणाऱ्याची मुद्रा आहे. मात्र ती नोकरी आजच्या अर्थाची नव्हती, आणि खरी गुंतागुंत तेथूनच सुरू होते.

२

कान्होजींचे घराणे मूळचे संकपाळ. आंगरवाडी गावावरून आंग्रे हे आडनाव पडले असे सांगतात. सुवर्णदुर्ग किल्ल्याशी त्यांच्या उमेदवारीची कथा जोडलेली आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीने वेढा घातला असता किल्लेदार फितूर होऊ लागला, तेव्हा तरुण कान्होजींनी त्याला कैद करून किल्ला लढवला, अशी ही परंपरेने आलेली हकिकत आहे. तिच्यातला तपशील किती खरा हे बाजूला ठेवले तरी एक गोष्ट स्पष्ट आहे, की संभाजी महाराजांच्या वधानंतरच्या धामधुमीत, राजा दूर जिंजीस असताना, कोकणपट्टीवर जे टिकले ते आपल्या हिमतीवर टिकले. सिधोजी गुजर यांच्या मागून, १६९८ च्या सुमारास, सरखेलपद कान्होजींकडे आले. पुढे अलिबागजवळचा कुलाबा किल्ला हे त्यांचे मुख्य ठाणे झाले. भरतीला समुद्रात उभा असणारा आणि ओहोटीला चालत जाता येणारा हा किल्ला त्यांच्या स्थितीचे नेमके चित्र आहे. मराठी राज्याशी ते जोडलेलेही होते आणि तुटलेलेही.

१७०७ साली शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि राज्याचे दोन पक्ष झाले. कान्होजी ताराबाईंच्या पक्षाचे. १७१३ साली शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर धाडले, तेव्हा कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले आणि घाट चढून लोहगड घेतला. साताऱ्याच्या गादीला हा मोठा धक्का होता. शाहूंनी मग बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रे देऊन पाठवले. बाळाजींचा आणि कान्होजींचा जुना परिचय होता. लढाई झाली नाही, बोलणे झाले. १७१४ च्या तहाने कान्होजींनी शाहूंना छत्रपती मानले, पिंगळ्यांना सोडले. आणि त्यांच्याकडे सरखेलपद, दहा किल्ले व सोळा लहान ठाणी कायम झाली.

या तहाकडे आपण सहसा बाळाजी विश्वनाथांच्या मुत्सद्देगिरीचा नमुना म्हणून पाहतो. कान्होजींच्या बाजूने पाहिले तर तो वेगळा दिसतो. ज्या अधिकाऱ्याने राज्याच्या पंतप्रधानाला कैद केले, त्याला राज्याने शिक्षा करण्याऐवजी बढतीच दिली. कारण त्याच्यावाचून राज्याला समुद्रच नव्हता. येथून पुढे सरखेलपद ही नेमणूक कमी आणि दौलत अधिक झाली. छत्रपतींचे आरमार आणि आंग्र्यांचे आरमार यांतला फरक कागदावर उरला.

३

इंग्रजांशी झालेल्या झगड्याचे मूळ 'दस्तक' या एका लहानशा कागदात आहे. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने आपला परवाना घ्यावा, न घेतल्यास ते पकडले जाईल, ही रीत सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी येथे बसवली होती. कंपनीही आपले परवाने देत असे. कान्होजींनी तोच हक्क छत्रपतींचा सरखेल म्हणून सांगितला. कंपनीचे म्हणणे असे, की इंग्रज निशाण व इंग्रज परवाना असलेले जहाज कोणी अडवू नये. पण त्या परवान्याच्या आड कोणाकोणाचा माल जात असे, हा प्रश्न कान्होजींनी विचारला. वाद चाचेगिरीचा नव्हता, समुद्रावर परवाना देणारा कोण, याचा होता. युरोपातही तेव्हा राजाची सनद घेऊन शत्रूची जहाजे लुटणारा आणि सनदेवाचून लुटणारा यांच्यामध्ये एका कागदाचेच अंतर असे. चाच्यांच्या बंदोबस्तासाठी सनद घेऊन निघालेला विल्यम किड हाच चाचा ठरून १७०१ साली लंडनमध्ये फासावर गेला.

१७१२ च्या नोव्हेंबरात कान्होजींच्या आरमाराने मुंबईचा गव्हर्नर विल्यम एस्लबी याची सशस्त्र नौका पकडली. तीत कारवारच्या वखारीचा प्रमुख थॉमस चाऊन मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कैद झाली. तीस हजार रुपये खंडणी भरून १७१३ च्या फेब्रुवारीत तिची सुटका झाली. पुढे बिडल्फने या बाईचे चरित्र आपल्या पुस्तकात जोडले, आणि इंग्रजी वाचकाच्या मनात 'आंग्रिया' म्हणजे असहाय स्त्रीला ओलीस ठेवणारा पौर्वात्य दर्यावर्दी अशी प्रतिमा घट्ट झाली. या घटनेचे समर्थन करण्याची आपल्याला गरज नाही. ओलीस ठेवून पैसा घेणे ही त्या काळच्या युद्धाची रीत होती, म्हणून ते त्या बाईला कमी दुःखाचे झाले असेल असे नाही. पण एकाच प्रसंगावरून माणसाचे समग्र चरित्र ठरवणे ही कथनाची जुनी युक्ती आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला ती ओळखता आली पाहिजे.

१७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून गव्हर्नर होऊन आला. त्याने मुंबईला तट घातला, आरमार वाढवले. १७१७ साली विजयदुर्गावर, १७१८ साली खांदेरीवर, १७२० साली पुन्हा विजयदुर्गावर अशा मोहिमा झाल्या. खांदेरीच्या वेळी बून जातीने आला होता. विजयदुर्गाच्या दुसऱ्या स्वारीत 'फ्राम' नावाचा तरता तोफखाना बांधून नेला होता. हाती काही लागले नाही. १७२१ साली इंग्लंडच्या राजाच्या आरमाराची चार जहाजे कमोडोर थॉमस मॅथ्यूज याच्या हुकमतीखाली आली आणि पोर्तुगीज व इंग्रज यांनी मिळून कुलाब्यावर चाल केली. थोरले बाजीराव घाटावरून फौज घेऊन उतरले. हल्ला फसला, दोन्ही मित्रांनी एकमेकांना दोष दिला, आणि १७२२ च्या आरंभी पोर्तुगिजांनी वेगळा तह केला. मोहिमांत सामील असलेल्या क्लेमेंट डाउनिंग याने १७३७ साली या युद्धांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पराभूत पक्षाच्या दर्यावर्दीने लिहिलेला म्हणून तो आवर्जून वाचण्यासारखा आहे.

हे कसे घडले, याचे उत्तर शौर्याइतकेच जहाजांच्या बांधणीत आहे. इंग्रजांची मोठी जहाजे खोल बुडाची, कडेला तोफांच्या रांगा असलेली, वाऱ्यावर अवलंबून. कान्होजींचे बळ गुराबांत आणि गलबतांत. गुराब दोन-तीन डोलकाठ्यांची, नाळेवरून समोर तोफ डागता येणारी. गलबत हलके, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला की मोठे जहाज जागीच खिळून राही आणि गलबते गुराबांना ओढून त्याच्या पिछाडीस नेत, जेथे त्याच्या तोफा पोहोचत नसत. पाठलाग झालाच तर उथळ खाड्या जवळ होत्या. पावसाळ्यात समुद्र बंद, जहाजे किनाऱ्यावर ओढलेली. भर समुद्रात, उघड्या वाऱ्यात मात्र हे आरमार मोठ्या युरोपीय जहाजांच्या रांगेपुढे उभे राहू शकत नव्हते, आणि राहतही नव्हते. आपल्या मर्यादेची अचूक जाण हा कान्होजींच्या सेनापतित्वाचा मोठा गुण. तीच मर्यादा पुढच्या पिढीला ओलांडता आली नाही.

४

या युद्धाचा एक बळी मुंबईतच होता, आणि कागद वाचण्याचा धडा म्हणून त्याची हकिकत वर्गात सांगावी इतकी महत्त्वाची आहे. रामा कामती हा मुंबईतील मोठा शेणवी व्यापारी. १७१५ साली वाळकेश्वराचे देऊळ बांधले गेले ते त्याच्याच हातून. कंपनीच्या देशी शिपायांवरही त्याची हुकमत होती. खांदेरीची स्वारी फसल्यावर अपयशाचे कारण शोधणे सुरू झाले. कान्होजींशी संधान बांधल्याचा आरोप रामा कामतीवर ठेवून १७२० साली खटला चालवण्यात आला. पुरावा होता पत्रांचा. त्याची मालमत्ता जप्त झाली, त्याला जन्मठेप झाली, आणि १७२८ साली तो कैदेतच वारला. ती पत्रे बनावट होती हे पुढे उघड झाले, तेव्हा त्याचा त्याला काही उपयोग नव्हता.

ज्या कंपनीच्या दफ्तरावर भिस्त ठेवून 'चाचे' हा शिक्का इतिहासात रूढ झाला, त्याच दफ्तराने कान्होजींशी झालेला खोटा पत्रव्यवहार खरा मानून एका माणसाला तुरुंगात मारले. म्हणून सारे इंग्रजी दफ्तर खोटे, असा निष्कर्ष मी काढत नाही. ते दफ्तर नसते तर रामा कामतीची कैफियतही आपल्याला कळली नसती. पण 'अस्सल कागद' असे म्हणून आपण जेव्हा वाद मिटवू पाहतो, तेव्हा या माणसाची आठवण ठेवावी.

याच्या अगदी उलट टोकाला एक खरे पत्र आहे. बूननंतर आलेला गव्हर्नर विल्यम फिप्स आणि कान्होजी यांच्यात १७२४ च्या सुमारास पत्रव्यवहार झाला. लुटीवर चालणारी सत्ता टिकत नाही, असा उपदेश त्यांना केला गेला होता. कान्होजींच्या उत्तराचा आशय असा : लोभापासून व्यापारीही मुक्त नाहीत, जगाची रीतच अशी आहे, देव कोणाला काही थेट हातात देत नाही, एकाचे घेऊन दुसऱ्याला देतो, आणि आमचे राज्य जबरदस्तीवर चालते असे व्यापाऱ्यांनी म्हणणे शोभत नाही, कारण शिवाजी महाराजांनी चार पातशाह्यांशी झुंजून ते उभारले आहे. या उत्तरात माफी नाही आणि पोकळ आव्हानही नाही. एका सत्तेने दुसऱ्या सत्तेला आरसा दाखवावा, तसा त्याचा सूर आहे.

हे पत्र आज आपल्याला परिचित आहे ते इंग्रजी अवतारात. कान्होजींच्या मनाचा सर्वांत जवळून ठाव देणारे शब्द आपल्यापर्यंत शत्रूच्या भाषेतून आले. त्यातली वाक्ये मराठीत उलटी फिरवून 'कान्होजी म्हणाले' असे अवतरणचिन्हांत छापण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. आशय घ्यावा, शब्द त्यांच्या तोंडी घालू नयेत.

५

आतापर्यंतचे विवेचन कान्होजींच्या बाजूचे झाले. पण त्यांच्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप इंग्रजांचा नाहीच. तो मराठीत आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' १७१६ च्या सुमारास रचले गेले असे मानतात, म्हणजे कान्होजी ऐन भरात असताना. त्यातील आरमाराचे प्रकरण मराठी गद्याचा नमुना म्हणून आपण शिकवतो. जहाजांसाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडे परवानगीवाचून तोडू नयेत, या आदेशाचे कौतुकही करतो. पण त्याच प्रकरणातला राजनीतीचा मुद्दा आपण चटकन ओलांडून जातो. अमात्य आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानतात आणि सांगतात, की आरमाराचा खर्च मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा. समुद्रावरच्या मिळकतीवर त्याला सोडू नये. तसे केले तर सावकारांना उपद्रव होतो, व्यापार बुडतो आणि बंदरे ओस पडतात. टोपीकर हे इतर व्यापाऱ्यांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे राजे आहेत, हाही इशारा याच ग्रंथात आहे.

अमात्य कोल्हापूरच्या पक्षाचे, आणि कान्होजी तो पक्ष सोडून गेलेले. त्यामुळे या लेखनात काही रोष असेलही. तो वजा केला तरी मुद्दा उरतोच. १७१४ च्या तहाने जे घडले ते अमात्यांच्या सूत्राच्या नेमके विरुद्ध होते. राज्याने आरमाराचा खर्च उचलला नाही. सरखेलाने आपल्या किल्ल्यांच्या आणि समुद्राच्या उत्पन्नावर तो चालवावा, असे ठरले. मग दस्तक न घेणारे प्रत्येक जहाज हे एकाच वेळी कायद्याचे उल्लंघन आणि आरमाराचे वेतन होऊन बसले. ते पकडताना सरखेल किती आणि गरजू मालक किती, हे सांगणे कठीण झाले. त्यात इंग्रजांचीच जहाजे होती असे नाही. देशी सावकारांचीही होती. 'चाचे' हा शब्द आपण नाकारतो ते योग्यच आहे, पण तो चिकटवण्यास सोयीची स्थिती आपल्याच राज्याच्या व्यवस्थेने निर्माण केली होती, हेही मान्य करायला हवे.

याचे फळ कान्होजींच्या मृत्यूनंतर दिसले. १७२९ साली ते वारले, तोपर्यंत कंपनीला त्यांचा एकही मोठा जलदुर्ग जिंकता आला नव्हता. पण त्यांच्यामागे आरमाराची संस्था उरली नाही, वारस उरले. थोरले सेखोजी १७३३ साली गेले, आणि संभाजी व मानाजी या भावांत कलह लागला. पेशव्यांनी १७३५ साली दौलतीची वाटणी करून दिली. घरातली भांडणे मिटवण्याचा तो उपाय असेल, पण त्याने आरमार दुभंगले. विजयदुर्गाकडे पुढे तुळाजी आले आणि त्यांचे पेशव्यांशी बिनसले. १७५५ साली नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी करार केला. सुवर्णदुर्ग पडला, आणि १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. त्या लढाईत आंग्र्यांची जहाजे बंदरातच जळाली. ज्या सरखेलाच्या मदतीला १७२१ साली एक पेशवा धावून गेला होता, त्याच्या मुलाविरुद्ध दुसऱ्या पेशव्याने त्याच शत्रूला बोलावले. हा केवळ नानासाहेबांचा दोष मानून थांबणे सोपे आहे. पण दौलत झालेले आरमार जिंकणे आणि राज्याचे आरमार राखणे यांतला फरक त्या वेळी कोणालाच स्पष्ट दिसत नव्हता. कारण १७१४ मध्येच तो पुसला गेला होता.

६

कान्होजींच्या कारकिर्दीचे मोल यामुळे कमी होत नाही. तीस वर्षे एका माणसाने तीन युरोपीय व देशी सागरी सत्तांच्या मधोमध कोकणचा समुद्र मराठी राज्याच्या नावाने राखला. परंतु त्यांना 'अ‍ॅडमिरल' म्हटले की आपण नकळत असे गृहीत धरतो, की त्यांच्यामागे नौदलाचे खाते होते, खजिना होता, बदली आणि उत्तराधिकाराचे नियम होते. यातले काहीच नव्हते. एका अर्थी त्यांची कामगिरी त्यामुळे अधिकच मोठी ठरते, आणि त्यांना तसे एकटे सोडणाऱ्या राज्याची चूकही अधिक मोठी. गौरवाचा शब्द ही चूक झाकतो, निंदेचा शब्द ती कामगिरी झाकतो. 'सरखेल' हा एकच शब्द दोन्ही उघडी ठेवतो.

खांदेरीच्या दीपगृहाला १९९८ साली कान्होजींचे नाव दिले गेले. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आहेत, पण सरखेलांचे मुख्य ठाणे असलेला कुलाबा नाही. अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की लोक आजही चालत त्या किल्ल्यात जातात, आणि भरतीच्या आत परततात. आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तेथे जाणाऱ्या शिक्षकांनी जाताना आज्ञापत्रातले आरमाराचे प्रकरण बरोबर न्यावे आणि ते त्या तटावर बसून वाचावे, असे सुचवावेसे वाटते. अमात्यांनी काय सांगितले होते आणि कान्होजींच्या वाट्याला काय आले, हे दोन्ही तेथे एकदमच समजू लागेल.